डिझेलच्या बिलांचं लॅमिनेशन

लग्न होऊन मी पारोळ्यात आले तेव्हा सासरी दोन टेम्पो होते आणि त्यांचा हिशेब ठेवायला कोणी नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. टेम्पो नरडाण्याच्या कारखान्यांतून माल उचलायचे. डिझेल भरलं की पंपावरच्या मशीनमधून चिठ्ठीएवढं बिल निघायचं, ते मी डब्यात टाकायची. पहिल्या वर्षी रिटर्नच्या वेळी डबा उघडला, तर उन्हाळ्यात निम्म्या बिलांवरची अक्षरं उडून गेलेली. धुळ्याचे आमचे कर सल्लागार म्हणाले, कोऱ्या कागदावर खर्च दाखवता येत नाही, पुढच्या वर्षी नीट जपा.

घरी जेवताना मी हे सांगितलं. सासरे, म्हणजे आबा, ऐकत होते. त्यांच्या रेशनकार्डाला लॅमिनेशन होतं आणि त्याला कधी काही झालेलं नव्हतं.

पुढच्या मार्चअखेर मी माहेरी जळगावला गेले, तेव्हा आबा डबा घेऊन लॅमिनेशनच्या दुकानात गेले. मशीनच्या उष्णतेने पहिलंच बिल काळं होऊन निघालं. दुकानदाराने विचारलं, थांबू का? आबांना वाटलं, तेवढं एकच बिल खराब असेल. चालू द्या म्हणाले. वर्षभराची बिलं चकचकीत, टिकाऊ आणि काळी होऊन घरी आली. मी परतल्यावर आबांनी गठ्ठा पुढे ठेवला आणि सांगितलं, आता पाण्यात पडली तरी भिजणार नाहीत. ते खरं होतं.

रागात दोन दिवस माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडत होतं. सल्लागारांना समजावायला आबा स्वतः माझ्याबरोबर एसटीने धुळ्याला आले. सल्लागारांनी एक बिल खिडकीशी धरलं, उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “हे काय आहे?”

“हाई बठ्ठं डिझेल शे,” आबा म्हणाले. म्हणजे, हे सगळं डिझेल आहे.

सल्लागार हसले नाहीत. आबा मांडीवरची पिशवी नीट करत राहिले. माझा राग तिथेच गेला.

“आमच्याकडून झालं, साहेब,” मी म्हणाले. “आता मार्ग सांगा.”

पैसे फोनवरून दिलेले होते, म्हणजे बँकेत नोंद होती. पंपाकडून गाडीच्या नंबरासह वर्षाचा उतारा, शिक्का मारून आणायला त्यांनी सांगितलं. थोडे हेलपाटे झाले, पण मिळाला. रिटर्न भरलं गेलं.

आता मी बिल आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढते. आबांचा मात्र छापील बिलावरचा विश्वास उडाला आहे. डिझेल भरायला ते टेम्पोत बसून जातात आणि बिल पेनाने लिहून मागतात. मागे गाड्या हॉर्न वाजवतात. आबा लिहिलेलं शेवटपर्यंत वाचतात, मग गाडीत चढतात.