दोन सेकंदांचा धक्का

तलासरीजवळच्या एका पाड्यावर भूकंपाने तडे गेलेल्या घरांची नोंद करायला आम्हा शिक्षकांना पाठवलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्याचं नाव मी कागदावर लिहिलं असेल, पण आज आठवत नाही. बोलता बोलता तो सारखी कंबर दाबायचा, ते आठवतं.

घरात त्याची बायको खाटेवर होती. लकव्याने तिचे पाय गेले होते. मी भिंतीतली भेग पाहत असताना जमिनीतून गुरगुर आली, मांडणीवरची भांडी थरथरली. मी उडी मारून अंगणात आलो. वळून पाहिलं, तर म्हातारा खाटेशी वाकला होता. धापा टाकत त्याने बायकोला उंबऱ्यापर्यंत आणलं, तोवर सगळं शांत झालं होतं.

"धक्का दोन सेकंदांचा, मास्तर," तिला हातांवर धरून तो म्हणाला. "हिला नुसती उचलायलाच त्याच्याहून जास्त लागतात. दर वेळेला उशीरच होतो."

बल लावून वस्तू हलली की कार्य होतं, ती पुन्हा जागच्या जागी आली तर कार्य शून्य, असं मी वर्गात शिकवतो. हा माणूस सगळं बळ खर्चून बायकोला पुन्हा त्याच खाटेवर नेऊन ठेवत होता.

"पुढल्या टायमाला तू एकलाच पळ," ती म्हणाली.

तो तिच्या उशाशी, तडा गेलेल्या भिंतीला टेकून बसला.

"बाबा, बाहेर तरी बसा," मी म्हणालो.

"आता नाय उचलवत," तो म्हणाला. "पुन्हा हललं, तर हिच्याजवळ बसून राहीन."