थांबव गं मास्तरला

माधवीच्या शिक्षणात माझी वायर आहे, म्हणून तिची गोष्ट मीच सांगणार. दुसऱ्या कोणी सांगितली तर मला चालणार नाही. मी गजा. पळसदरीत आणि आसपासच्या वाड्यांत घरोघरी इंटरनेट पोचवतो. खांबावर मीच चढतो, फोनही मीच उचलतो आणि लोकांच्या शिव्याही मीच खातो.

माधवी ही आमच्या स्वप्नीलची बायको. माहेर खालापूरकडचं. बारावीला चांगली चमकली, कॉलेजात नाव घातलं आणि पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत लग्न झालं. मग घर, शेत, मुलगी, आणि खालापूरला सरकारी कचेऱ्यांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नोकरी. दिवसभर दुसऱ्यांच्या पदव्यांच्या प्रती काढायच्या. "लोकांच्या पदव्या गरम गरम माझ्या हातात येतात गजाभाऊ," ती एकदा मला म्हणाली, "माझी कधी येनार?" हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

पुढच्याच महिन्यात तिने ऑनलाइन बी.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र. त्यात दोन प्रकारचे तास असतात. एक रेकॉर्ड केलेले. ते तुम्हाला हवे तेव्हा बघा, थांबवा, मागे घ्या, पुन्हा बघा. दुसरा तास रविवारी संध्याकाळी, लाइव्ह. तिथे सर खरोखर समोर असतात, नाव घेऊन विचारतात आणि तुम्हाला बोलावं लागतं. बोलला नाहीत तर त्या विषयाचे गुण नाहीत, सगळं वर्ष पुन्हा करा.

रेकॉर्डच्या तासांत माधवी वाघीण होती. खोपोलीच्या गाडीची वाट बघताना कानात सर, शिळफाट्याला रिक्षा भरेपर्यंत सर. आणि संध्याकाळी घरी आली की फोन चुलीशेजारच्या फळीवर उभा करायचा, त्याला डब्याचा टेकू द्यायचा, आणि सासूबाईंसकट वर्ग सुरू. हो, सासूबाईंसकट! भागूबाई म्हणजे आमची भागूकाकी. तिने सुनेला शिकायला परवानगी दिली तीच एका अटीवर. "घरात मास्तर येनार तर मी पन ऐकनार. माझ्याच घरात मला चोरून कोन काय सांगतंय?"

मग काकी मोड आलेले वाल सोलायला घेऊन बसायची. सोललेल्या वालांचं पातेलं मांडीपुढे, टरफलं परातीत, आणि समोर बोर्डे सर. सर काही जड बोलले की काकीचा हात थांबायचा. "थांबव गं त्याला. काय म्हनला त्यो?" माधवी बोटाने सरांना थांबवायची आणि आपल्या भाषेत सगळं समजावून सांगायची. काकी दोनचार उलटे प्रश्न टाकायची, एखाद्या गोष्टीवर चिडायची, मग म्हणायची, "समजलं. सोड आता त्याला." की सर पुन्हा बोलायला लागायचे. मी एकदा वायर बदलायला गेलो होतो तेव्हा हा प्रकार पाहिला आणि पायरीवर बसून खदाखदा हसलो. एवढा मोठा प्रोफेसर, आणि भागूकाकीच्या हुकमाशिवाय त्याला तोंड उघडता येत नव्हतं.

रविवारी मात्र काकी घरी नसायची. धरणाच्या वाटेवर सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना पेरू नि भाजी विकायला बसायची. त्यामुळे लाइव्ह तास तिने कधी बघितलाच नव्हता. आणि तिथे आमच्या वाघिणीची दातखीळ बसायची. सगळ्या महाराष्ट्रातली पोरं समोर, कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं, चटाचटा बोलणारी. आपल्या तोंडून हाय-नाय निघालं तर हसतील, या भीतीने माधवीचे शब्द अडकायचे. सरांनी नाव घेतलं की ती म्हणायची, "सर, आवाज तुटतोय, नेट गेलं," आणि फोन बंद करायची.

हे मला कसं कळलं? शेवटच्या लाइव्ह तासाच्या आदल्या दिवशी काकीचा फोन आला. "गजा! तुझ्या वायरीपायी माझी सून नापास व्हायला आली. उद्या ती बोलली नाय तर वरीस गेलं तिचं. मास्तर म्हनतोय, तुमच्या गावातलं नेट फार वाईट हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझं नेट वाईट? नागपूरपर्यंत माझी बदनामी?

रविवारी दुपारीच मी हजर झालो. खांबापासून घरापर्यंत सगळी लाइन तपासली. लाइन ठणठणीत. "आता मी हितंच बसनार," मी माधवीला म्हणालो. "बघू कसा आवाज तुटतो तो." तिचा चेहरा पडला, आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नेट कधी गेलंच नव्हतं. खरं सांगतो, मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिथून उठलो मात्र नाही.

त्या दिवशी काकीही धरणावर गेली नाही. सुनेची परीक्षा म्हणून घरी थांबली आणि नेहमीसारखे वाल घेऊन बसली. माधवी तिला म्हणाली, "आई, आज सर खरे समोर असनार हायेत." काकी म्हणाली, "रोजच असतो की."

तास सुरू झाला. फोन फळीवर, डब्याला टेकून. वर्गातल्या दोघांचं बोलून झालं आणि सर म्हणाले, "माधवीताई, आज आवाज येतोय का?"

तिने बटण दाबून आवाज सुरू केला. माझ्याकडे पाहिलं. मी मिशीवरून हात फिरवला. "येतोय सर," ती म्हणाली, आणि गप्प. फोनच्या पडद्यावर सगळे चेहरे वाट बघत होते. माझा जीव टांगणीला लागला. सर भले माणूस, त्यांनी हात द्यायचा प्रयत्न केला. "घाबरू नका. अदृश्य श्रम एवढंच सांगा. म्हणजे उत्पादनाच्या औपचारिक चौकटीत ज्याची गणना होत नाही असं..."

"थांबव गं त्याला," काकी म्हणाली. वरही न बघता. "काय म्हनला त्यो? मला नाय कळलं."

सर थांबले.

"काय नाही कळलं, आजी?" फोनमधून आवाज आला.

काकीच्या हातातला वाल उडून परातीबाहेर गेला. "गं बाय! यो ऐकतोय!"

सगळा वर्ग हसत सुटला. मी तर भिंतीला टेकलो. काकीने पदर डोक्यावर ओढला, मान वाकवून फोनमध्ये डोकावून बघितलं आणि सरळ विचारलं, "आतापरयंत आमी बोललेलं सगळं ऐकलं का रं तू?" सरांना हसू आवरेना. "नाही आजी, आजच ऐकतोय. पण मी आता थांबलोय. माधवीताई, रोज समजावता तसं समजावा की त्यांना."

माधवीने फोनकडे पाठ केली. मला वाटलं, आता उठून जाते. पण ती काकीसमोर मांडी घालून बसली, रोजच्या जागी.

"आई, तुमी आता काय करताय?"

"दिसत नाय? वाल सोलतेय."

"ह्ये काम हाय का?"

"काम नाय तर काय खेळ हाय? बोटं बघ माझी."

"मग मागं ती सर्व्हेवाली बाई आली व्हती, काय काम करता इचारत. तुमी काय सांगितलंत तिला?"

"घरीच असते म्हनलं."

"आनि तिनं काय लिवलं?"

"काय नाय लिवलं. पुढच्या घरी गेली."

"तेच त्ये आई. तुमचं काम व्हतं, पन कागदावर आलंच नाय. दिसलंच नाय कुनाला. तुमी सोलता म्हनून ह्या घरात बिरडं शिजतं, मी शिळफाट्याला रिक्षा पकडू शकते, स्वप्नील डबा घेऊन जातो. ह्यातलं एक पन कुठं मोजलेलं नाय. याला सर म्हनतात अदृश्य श्रम."

एकही शब्द अडकला नाही. हाय-नाय सगळं होतं, आणि कोणीही हसत नव्हतं. पडद्यावरची पोरं लिहून घेत होती! काकीने उलटे प्रश्न टाकले, माधवीने उत्तरं दिली. बोलता बोलता हात हवेत, डोळे चमकत होते. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण ही माधवी मी पहिल्यांदाच बघत होतो. वायरीवरून आजवर मी सिनेमे पोचवले, क्रिकेट पोचवलं, पण असं काही पोचवलं नव्हतं.

काकीने पदराला हात पुसले. "म्हंजे ह्यो धडा माझाच हाय." मग सवयीने म्हणाली, "समजलं. सोड आता त्याला."

पुन्हा हशा झाला. माधवी भानावर आली, घाईघाईने फोनकडे वळली. "सॉरी सर, माझं झालं. तुमी बोला."

सर तोंड उघडणार तेवढ्यात नागपूरची एक चटाचटा बोलणारी मुलगी पुढे सरसावली.

"नको ना ताई, सरांना थांबूनच राहू द्या. मागच्या महिन्यापासून तो पुढचा धडा मला कळलेला नाही. तोही तुम्हीच सांगा."

माधवीने काकीकडे पाहिलं. काकीने परात पुढे ओढली, नवा वाल हातात घेतला आणि म्हणाली, "सांग गं."