गुळगुळीत फरशी

पशुवैद्यकीय कॉलेजच्या दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं परिचर होतो. जनावर धरायचं, दावं आवळायचं आणि लाथ कुठून येते ते शिकणाऱ्या पोरांना दाखवायचं, हे माझं काम. मी निवृत्त झालो त्याच वर्षी सरकारनं एका कंपनीशी भागीदारी केली. जमीन सरकारची, डॉक्टर सरकारचे, इमारत आणि हुकूम कंपनीचा. मुरमाच्या जमिनीची जुनी शेड पाडून तिथं गाड्या लावायची सोय झाली आणि शेजारी चकचकीत फरशीचा हॉल उभा राहिला. शनिवार-रविवार बंगल्यांवर येणाऱ्यांची कुत्री तिथं गार हवेत बसू लागली. कुत्र्यांवर माझा राग नाही.

सगळ्यांत जुना माणूस म्हणून बोलावलं, उद्घाटनाचा नारळ मीच फोडला. पाणी फरशीवर सांडलं आणि कंपनीच्या साहेबांचा पाय सटकला. सगळे हसले, मीही हसलो. मग कुणीतरी पुसून घेतलं.

यंदा चौलच्या आमच्या शेजारच्या वहिनीची म्हैस विताना अडली. दुसरं दुभतं जनावर तिच्याकडे नाही. मीच म्हटलं, चला, टेम्पोत घाला, आमच्या दवाखान्यात नेऊ. ‘आमच्या’ म्हणताना छाती फुगली होती, हे कबूल करतो.

दारात पेंढा अंथरायला गेलो तर रखवालदारानं अडवलं. आत कचरा चालत नाही म्हणे. मी तावातावानं भांडलो; तो बिचारा हुकमाचा ताबेदार. शिकणारी एक मुलगी गोणपाटं आणायला धावली. तेवढ्यात म्हशीनं आत दोन पावलं टाकली. मागचे पाय दोन्हीकडे फाकले आणि ती बसली ती बसलीच.

त्या मुलीनं फरशीवर आडवं पडून पारडू सोडवलं. ते जगलं. म्हशीला दोन दिवस आम्ही पट्टे लावून उचलत होतो. साहेब येऊन सांगून गेले, अवजड जनावरांसाठी ही जागा योजलेलीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुरांच्या दवाखान्यात गुरंच योजलेली नाहीत, तर मग लग्नाचा हॉलच बांधायचा होता! तिसऱ्या दिवशी म्हैस गेली.

वहिनी कंपनीला एक शब्द बोलली नाही. पारड्याच्या पाठीवर हात ठेवून तिनं मला विचारलं, “भावोजी, तुमी तर हितलंच. म्हशीचा पाय कुठं ठरतो, ते ह्यांना कुणीच सांगितलं न्हाय?”

सांगायला मी तिथंच होतो, हातात फुटका नारळ घेऊन. मी हसलो होतो.