खेळातल्या धक्क्यावरचं गिऱ्हाईक

ती घटना आठवली की आजही मला आधी पाणी दिसतं, मग आरोपी. पोलिसातल्या नोकरीचे शेवटचे महिने होते. पैशांच्या ऑनलाइन खेळांवरचा नवा कायदा नुकताच लागू झाला होता. खेळातली नाणी खऱ्या पैशांत विकली तर कलम कोणतं लावायचं, यावर ठाण्यात रोज चहाबरोबर वाद चालायचा.

खबऱ्याने घोडपदेवच्या चाळीतली एक खोली दाखवली. दुपारी छापा घातला, तर आत साठीचे एक काका चटईवर बसून मोबाइलवरच्या एका खेळात मासे पकडत होते. त्या माशांची सोन्याची नाणी मिळत आणि ती काका विकत. त्यांच्या एका गिऱ्हाइकाने मात्र लोकांना फसवून उकळलेला पैसा या नाण्यांत फिरवून नाहीसा केला होता. त्याचं नाव खोटं, सिमकार्ड दुसऱ्याचं. आमच्या हाती होते ते फक्त काका.

चौकशीत त्यांचं एकच पालुपद. "साहेब, शिमगा पंधरा दिवसांवर आलाय. गुन्हा लागला तर गावकी मला देवीच्या पालखीला हात लावू देणार नाय. चाळीस वर्षं खांदा देतोय मी."

मी त्यांचा मोबाइल हातात घेतला. खाडी, माड, लाकडी धक्का आणि न मावळणारी संध्याकाळ. सांगायला लाज वाटते, पण मी जबाब विसरलो. टेबल, फायली, वायरलेसची खरखर सगळं लांब गेलं आणि आपणही गळ टाकून बसलोय असं वाटत राहिलं. हवालदाराने दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आलो.

"या धक्क्यावर एकटेच बसता?" मी विचारलं.

"नाय, गिऱ्हाईक येतं की धक्क्यावर. टाइप करून गप्पा होतात. गाव विचारल्याशिवाय मी सौदा करत नाय."

"मग त्याने गाव सांगितलं?"

काकांचा चेहरा पडला. आपण काय बोलून गेलो, ते त्यांना कळलं होतं.

त्यांनी विषय बदलून पुन्हा पालखीचंच पालुपद लावलं. साक्षीदार व्हा नाहीतर आरोपी, तिसरी जागा माझ्याकडे नाही, असं स्पष्ट सांगून मी त्यांना घरी जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी ते आपणहून ठाण्यात आले. "आमच्याच गावचा हाय. खालच्या वाडीतला," म्हणाले आणि कोणाचा पोरगा तेही सांगितलं. पुढे शिमग्यासाठी घरी आला तेव्हा तो पोरगा स्थानिक पोलिसांना अंगणातच सापडला.

काकांना मी साक्षीदार केलं. वरिष्ठ कुरकुरले, पण मी खुशीत होतो. एका भल्या माणसाची पालखी वाचवली होती.

ऐन शिमग्यात ते मला लालबागच्या बाजारात दिसले. "गेला नाहीत गावाला?"

"पालखी दारोदार फिरते, साहेब. खालच्या वाडीत त्याची आई देवीची ओटी भरायला पुढे येणार. तिच्या दारात मी कसा उभा राहू?"

माणूस नाव, वय, पत्ता बेधडक खोटं सांगतो, पण निवांत बसला की गाव खरं सांगून जातो. तपास करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. मी मात्र त्या दिवसापासून दुसरंच ध्यानात ठेवलं आहे. साक्षीदार करून आपण काकांना सोडवलं, असं मी समजत होतो. तसं झालं नव्हतं.