अंगठ्याला लागलेला समुद्र

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं, आणि माझ्या हातून त्याने इतरांना फसवलं. हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी कोणी ‘दोघांचंही थोडं थोडं चुकलं’ असं म्हणायला नको. आमच्या नातेवाइकांचं हे आवडतं वाक्य आहे. मला ते ऐकायचं नाही.

माझं वाशीत जुन्या जाहिरातींचं दुकान आहे. परदेशी मासिकांत पूर्वी पान-पानभर रंगीत जाहिराती यायच्या, त्या. सातासमुद्रापार जाणाऱ्या प्रवासी बोटींच्या, लांबलचक मोटारींच्या. फोटो नव्हेत, हाताने काढलेली चित्रं. ती पानं मी मिळवते, फ्रेम करते आणि विकते. खारघरच्या नव्या फ्लॅटांत, कॅफेंत, दातांच्या एका दवाखान्यातसुद्धा माझ्या बोटी टांगलेल्या आहेत. सुरुवात जुईनगरला रद्दीच्या दुकानापासून केली. गिऱ्हाईक काट्याकडे बघायचं आणि मी गठ्ठ्याकडे. इंग्रजी मला धड येत नव्हतं, पण कुठलं पान वर्तमानपत्राच्या भावात जाऊ द्यायचं नाही, हे कळत होतं.

त्या चित्रकारांशी माझं जमलं, कारण तेही माझ्यासारखेच सौदेबाज. मोटारीत बसलेलं कुटुंब नीट बघा. नवरा-बायको, मागे दोन मुलं, आणि तरी मध्ये कुत्रा आडवा झोपेल एवढी जागा. गाडी तेवढी मोठी नसायचीच. माणसं जरा लहान काढायची, की गाडी आपोआप ऐसपैस होते. बोटींचंही तसंच. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पार ढगात गेलेली, आणि तिला ओढणाऱ्या होड्या पाण्यात काडेपेटीएवढ्या. बघणाऱ्याची मान आपसूक वर जाते. मान वर गेली की भावही वर जातो. हे मला कोणी शिकवायला लागलं नाही.

खरं पान मी तीन गोष्टींवर ओळखायचे. वास, कडेचा पिवळेपणा आणि अंगठा. कागदावरून अंगठा हलकेच फिरवला की मला कळायचं. मुंबईतले दलाल मला बघितलं की खोटा माल खाली सरकवायचे. लोक पावती मागायचे नाहीत, ‘तुम्ही म्हणताय ना, बास’ म्हणायचे. मी जे काही कमावलं ते एवढंच.

अलीकडे माल आटला. जुनी घरं रिकामी झाली, आणि ज्याच्याकडे पान आहे तो स्वतःच मोबाइलवर विकायला लागला. तेव्हा भाऊ म्हणाला, मी आणतो. त्याचं तुर्भ्याला छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, असलं काम. ते दुकान त्याला मीच उभं करून दिलं. दक्षिण मुंबईत कुणी म्हातारा जुनी मासिकं काढतोय, अशी बातमी त्याने आणली, आणि पानं यायला लागली. काय पानं होती! काळी बोट, लाल धुराडी, धक्क्यावर उभी हिरवी मोटार आणि तिच्याशेजारी टोपी सांभाळणारी बाई. सगळी जाड पुठ्ठ्यावर चिकटवूनच यायची. ‘ताई, वाटेत दुमडतात, म्हणून मीच लावून आणतो,’ म्हणाला. मला बरंच वाटलं. तेवढी माझी मेहनत वाचली. पुठ्ठा लावला की पानाची मागची बाजू दिसत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भावाच्या मालाची मागची बाजू कोण बघतं?

मे महिन्यात एका दुपारी दुकानातले दिवे गेले. एसी बंद. नवीन घर घेतलेलं एक जोडपं बोट बघायला आलं होतं. दारातल्या उजेडात मी पान धरलं. मुलीने विचारलं, “ओरिजिनलच आहे ना, आंटी?” मी हसले आणि सवयीने पानावरून अंगठा फिरवला. घामाने हात ओले होते. अंगठा उचलला तर तो निळा.

जुनी छपाई अशी सुटत नाही. ओल्या बोटाने तर नाहीच. अंगठ्याएवढा समुद्र माझ्या हाताला लागला होता, आणि बोटीखाली पांढरट डाग पडला होता. मी मूठ मिटली. पान उलटं ठेवलं आणि म्हटलं, “हे बुक झालंय, विसरलेच मी.” मुलगा म्हणाला, “अहो, आत्ता तर दाखवत होता.” मी त्याच्यावर खेकसले. ते दोघं निघून गेले. मी स्टुलावर बसले.

मला वाटलं होतं, राग येईल. माझा राग सगळ्या मार्केटला माहीत आहे. पण आधी आली ती भीती, आणि ती अजून गेलेली नाही.

कपाटात पानं होती. त्यात माझी जुनी खरी पानं होती आणि भावाने आणलेलीही होती, एकात एक मिसळलेली. पुठ्ठ्यावर लावलेलं ते त्याचं, असं म्हणावं, तर बघून बघून मीही माझी पानं तशीच लावायला लागले होते. वास घेतला, सगळ्यांना जुना वास. कागद जुनाच होता. जुन्या पुस्तकांची कोरी पानं फाडून त्यावर छापलं असणार. भिंग लावलं. खऱ्या छपाईत दिसतात ते ठिपके सगळ्यांवर दिसले, कारण नक्कल खऱ्यावरूनच केलेली. ओला बोळा लावून बघायचा एकच मार्ग उरला. पण असल्या कागदाला पाणी लागलं की खऱ्यावरही डाग राहतो. म्हणजे खरं कुठलं हे समजेपर्यंत खरंही वाया जाणार. मी कापूस ओला केला, एका मोटारीजवळ नेला आणि हात मागे घेतला. तिथेच मला समजलं की माझा अंगठा आता कामाचा राहिला नाही. ज्यावर मी जगत होते, तेच गेलं.

आणि विकलेल्यांचं काय? ती चित्रं तर भिंतींवर होती. इकडची हवा दमट. काचेच्या आत ओल धरते. मला बाहेर कुणाच्याही घरी चित्र दिसलं की आधी त्याचा खालचा कोपरा दिसायला लागला. फोन वाजला की उचलण्याआधी नाव बघायला लागले.

तो फोन आला खारघरहून. हे काका जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त. हॉलची अख्खी एक भिंत त्यांनी माझ्या बोटींनी भरलेली. “ताई, जरा येऊन जाता का? एक गंमत दाखवायची आहे.”

मेट्रोच्या स्टेशनपासून त्यांच्या बिल्डिंगपर्यंत मी दोनदा थांबले. काकूंनी दार उघडलं, पन्हं दिलं. काकांनी मला भिंतीपाशी नेलं. पश्चिमेच्या बाजूला एका बोटीच्या धुराड्याचा लाल रंग खाली उतरला होता. पांढऱ्या केबिनांवर गुलाबी ओघळ.

“आयुष्यभर इंजिनरूममध्ये काढलं,” काका म्हणाले, “पण धूर खाली येताना पहिल्यांदा बघतोय.”

काकू म्हणाल्या, “मी सांगत होते, भिंतीला ओल आहे. हे ऐकतील तर ना! ताई, आमच्या निष्काळजीपणामुळे तुमचं चांगलं चित्र खराब झालं. नीट होईल का हो?”

त्या माझी माफी मागत होत्या. मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. काका म्हणाले, “एक गेलं तर गेलं. बाकीची शाबूत आहेत ना, बघून सांगा. माझे जुने सोबती यायचेत. त्यांना सांगून ठेवलंय, सगळी अस्सल आहेत, ताईंनी शब्द दिलाय.”

मी भिंतीपुढे उभी राहिले. एकेक बोट बघत गेले. पूर्वी एका नजरेत सांगितलं असतं. आता प्रत्येक बोट खरी वाटत होती आणि पुढच्या क्षणी खोटी. यातली दुसरी कुठली उद्या गळायला लागेल? काका बाजूला उभे होते, अंपायरकडे बघावं तसे माझ्याकडे बघत. मी म्हटलं, “काका, उजेड कमी आहे. परत येऊन सांगते.” खिडकीतून तर लख्ख ऊन येत होतं. काकांनी एकदा खिडकीकडे बघितलं.

तिथून मी थेट तुर्भ्याला गेले. भाऊ कुण्या नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कापत होता.

“बोटी तूच छापल्यास?”

त्याने कात्री खाली ठेवली नाही. “अगं ताई, बस तरी. चहा सांगतो.”

“छापल्यास की नाही?”

“काही छापल्या. काही खऱ्या आणल्या. तूच डोकं खायचीस ना, माल आण, माल आण. कुठून आणणार? म्हाताऱ्याचा माल तर पहिल्याच खेपेला संपला.”

“संपला तर सांगायचं!”

“सांगून तू ऐकली असतीस? आणि टेन्शन कसलं घेतेस? लोकांना बोट दिसायला पाहिजे, दिसते. तुला तरी कळलं का? तुला कळलं नाही, तर त्यांना काय कळणार!”

हे तो हसत म्हणाला. टेबलावरचा लग्नपत्रिकांचा गठ्ठा मी हाताने खाली उडवला. कामगार बघत राहिले. मी विचारलं, “खारघरच्या काकांकडच्या कुठल्या?” तो पत्रिका गोळा करायला वाकला आणि म्हणाला, “आता कुठं आठवणार?”

खोटं. त्याला आठवतं. लहानपणी पतंगाला लावलेला कागद कुठल्या मासिकातला, हेसुद्धा तो सांगायचा. त्याला आठवतं, पण सांगायचं नाही, कारण सांगितलं तर त्याला काकांसमोर उभं राहावं लागेल.

तेव्हापासून तो माझे फोन उचलत नाही. काकांचे फोन मी उचलत नाही. दुकान उघडते, कपाट उघडत नाही. मोठी मावशी म्हणाली, “बहिणीने समजून घ्यावं.” काय समजून घेऊ? काकांकडच्या भिंतीसमोर कोण उभं राहणार, हे समजून घेऊ?

माझ्याकडून मी एवढंच करणार आहे. येत्या रविवारी मी खारघरला जाणार. काकांना सगळं सांगणार, काकूंच्या देखत. पण खरी कुठली आणि खोटी कुठली, हे मला सांगता येत नाही. ते फक्त एका माणसाला सांगता येतं. तर भाऊराया, तू माझ्याबरोबर यायचंस. त्या भिंतीसमोर उभं राहायचंस, एकेका बोटीवर बोट ठेवायचंस आणि काकांच्या डोळ्यांत बघून सांगायचंस, ही खरी, ही मी छापली. मला उत्तर नको, त्यांना दे. रविवारी तुझ्या घराखाली रिक्षा उभी असेल. येणार आहेस की नाही, बोल.