निर्माल्याच्या पिशव्या

पाण्यात विरघळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रयोगशाळेचं काम करतो. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एक गठ्ठा बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत आणला. गणपती विसर्जनासाठी आम्ही आवारात टाकी ठेवतो आणि नंतर ते पाणी झाडांना घालतो. तळमजल्यावरच्या मालवणच्या काकू प्लॅस्टिकमधून निर्माल्य आणणाऱ्यांना कायम ओरडायच्या. मी त्यांच्यासमोर एक पिशवी बादलीत टाकली. दोन मिनिटांत ती दिसेनाशी झाली.

"खंय गेली रे?"

"विरघळली काकू. गेली."

'गेली' म्हणायला नको होतं. मीठ विरघळलं तरी पाण्यातच असतं, तसंच हे प्लॅस्टिक. ते तोडून खाणारे जिवाणू आहेत, पण सगळीकडे नसतात, आणि असले तरी वेळ घेतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. काकूंनी मात्र अख्ख्या इमारतीला त्या पिशव्या वापरायला लावल्या.

गेल्या वर्षी मी दोन बाटल्यांत पाणी आणि बागेतली चमचाभर माती घेतली. एकीत अक्षता वाटून टाकल्या, दुसरीत पिशवी. महिन्याभराने दोन्हींत बोरिक अ‍ॅसिड आणि आयोडीन घातलं. अक्षतांच्या बाटलीत रंग आला नाही, स्टार्च जिवाणूंनी संपवला होता. पिशवीची बाटली निळी-हिरवी झाली, म्हणजे प्लॅस्टिक अजून पाण्यातच होतं. मी दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या आणि घरात कोणाला काही बोललो नाही.

यंदा गणपतीच्या आठवडाभर आधी काकू दारात आल्या. "दोन गठ्ठे आण रे, बी विंगवालेपण मागतत."

मी त्यांना बसवून सगळं सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षां मी लोकांक खोटा सांगलंय?"

"तुम्ही नाही, मी."

"तुका कधी कळला?"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्या उठल्या. मग घरी जाऊन वेताची टोपली घेऊन आल्या. "चल. निर्माल्य ह्येच्यात टाकूचा, ह्या मी सांगतंय. पिशवीचा तू सांगायचा."

आम्ही एकेक दार वाजवलं. काही जणांनी नुसती मान हलवली. चौथ्या मजल्यावरचे बँकवाले हसले. "काय हो साहेब, कंपनी सोडलीत वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "उद्या सकाळी कामावर जायचंय."

काकू तोवर शेजारच्या दाराची बेल वाजवत होत्या.