वाणात गेलेले रोमन

प्राचीन इतिहासाचा अभ्यासक म्हणून माझी कारकीर्द श्रीवर्धनात, संक्रांतीच्या हळदीकुंकवात संपली.

तशी ती धड सुरू झाली होती असंही नाही. अठरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होतो. (म्हणजे तास असेल तर प्राध्यापक, एरवी सुपारी सोलायला मोकळा!) आता कायम जागेची मुलाखत होती आणि वयामुळे ती शेवटचीच. सारी भिस्त पलंगाखालच्या खोक्यावर. खाडीकाठी वाकून वाकून कंबर गेली, तेव्हा कुठे एक्केचाळीस खापऱ्या जमल्या होत्या. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापारी आपल्या किनाऱ्याला मद्य आणत, त्या रांजणांच्या! 'पुरावा सोबत आणा,' असं तज्ज्ञांनी बजावलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी खोकं ओढलं. रिकामं!

"सुनंदा, माझ्या खापऱ्या?"

"कुंड्यांच्या तळाला घातल्या," बायको शांतपणे म्हणाली. "भोकावर खापरी नको? यंदा वाण म्हणून तुळशीची रोपं दिली ना बायकांना."

"मला न विचारता?"

"विचारलं होतं! 'पलंगाखालच्या घेऊ का?' तर मान वर न करता म्हणालात, 'घे घे, पण आता त्रास देऊ नकोस.'"

(तेव्हा मी त्याच खापऱ्यांवर निबंध लिहीत होतो.)

पिशवी घेऊन शेजारच्या यमूकाकूंकडे धावलो. "काकू, कुंडी जरा उपडी करू?"

"तुळस उपटतोस? आनि वाण कोन परत मागतो काय रे? सुनंदाच्या कुंकवाचा तरी इचार कर!"

तिच्या कुंकवाच्या, म्हणजे माझ्याच, काळजीनं तर आलो होतो! पुढच्या घरी जाईपर्यंत काकूंनी ही बातमी महिला मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकली होती. मला पाहून दारं धडाधड लागली. एका आजींनी तर कुंडी पदराखाली घेतली! खोटं कशाला सांगू, सुपारीच्या बागेत बसून मी ढसाढसा रडलो.

मुलाखतीत तज्ज्ञांनी विचारलं, "पुरावा कुठाय?"

"घरोघरी आहे, सर."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकानं दया येऊन सोपा प्रश्न टाकला, "बरं, तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?"

"पाण्याचा निचरा चांगला होतो."

जागा अर्थातच दुसऱ्याला मिळाली. पण अठरा वर्षांत पुराव्यानिशी सिद्ध झालेलं माझं विधान तेवढं एकच!